नटावे, पण ओळखू यावे

शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की शिक्षकांच्या खोलीत दरवर्षी एक वाद हटकून निघतो. मुलींनी तोंडाला पावडर लावावी की नाही, ओठ रंगवावेत की नाही, काजळ चालते तर लिपस्टिक का चालू नये? एक पक्ष म्हणतो, विद्यार्थिदशेत साधेपणा हेच खरे भूषण. दुसरा पक्ष म्हणतो, काळ बदलला आहे, मुलींना त्यांच्या हौसेप्रमाणे वागू द्यावे. दोन्ही पक्ष आपापले म्हणणे हिरिरीने मांडतात, चहा संपतो आणि वाद पुढील वर्षासाठी शिल्लक राहतो. या वादात मी आजवर मौनच पाळीत असे. या वर्षी मात्र काही लिहिणे मला भाग आहे. कारण ज्या चुकीमुळे मला या विषयाचा विचार करावा लागला, ती चूक माझ्याच हातून घडली आहे.

संमेलनासाठी आम्ही महाकवी भासाच्या ‘स्वप्नवासवदत्त’ या नाटकाचे मराठी रूपांतर बसवीत होतो. वासवदत्ता ही उज्जयिनीच्या महासेन प्रद्योत राजाची कन्या. माझे माहेरही उज्जयिनीचेच. तेव्हा या नाटकाविषयी मला थोडा अधिक जिव्हाळा असल्यास नवल नाही. नायिकेच्या कामासाठी नववीतील एका मुलीची निवड झाली. तिचा आवाज खणखणीत, उच्चार शुद्ध आणि पाठांतर चोख. वर्ण सावळा. पहिल्याच तालमीच्या वेळी मी सहज बोलून गेले, “रंगमंचावर तुला जरा उजळ करावे लागेल हं!” माझ्या मनात त्या वेळी केवळ रंगमंचावरील दिव्यांचा प्रकाश होता. वाक्य बोलले आणि मी ते विसरलेही. तिने मात्र ते घरी नेले.

पुढे दिवाळीची सुट्टी लागली आणि मी माहेरी गेले. उज्जयिनीच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी, भैरवगढ नावाची जुनी वस्ती आहे. कालभैरवाचे देऊळ आणि सिद्धवट यांमुळे ती यात्रेकरूंना ठाऊक असते. शेंदराने माखलेली कालभैरवाची मूर्ती आणि तिच्या मस्तकावरील पगडी पाहिली की आम्हां मराठी माणसांना आपलेपणा वाटतो. कारण ती पगडी महादजी शिंद्यांनी देवाला वाहिली, अशी परंपरागत कथा तिथे सांगितली जाते. याच भैरवगढात कापड छापणाऱ्या आणि रंगविणाऱ्या कारागिरांची घरे आहेत. येथील मेणाच्या रंगकामास, म्हणजे बाटिकास, २०२३ साली ‘उज्जैन बाटिक’ या नावाने भौगोलिक मानांकनही मिळाले. माझ्या भाचीला एक ओढणी रंगवून हवी होती, म्हणून आम्ही दोघी एका कारागिराकडे गेलो.

त्या कारागिराने रंग कोणता हवा हे आधी विचारले नाही. त्याने ओढणी हातात घेतली, दोन बोटांत चोळून पाहिली आणि कापड सुती आहे, याची खात्री करून घेतली. नंतर तो म्हणाला की, हिची खळ आधी धुऊन काढावी लागेल. खळ राहिली तर रंग वरवर बसेल आणि दुसऱ्या धुण्यात जाईल. आमच्या आधी आलेल्या एका बाईंचे कापड त्याने परत केले. ते कृत्रिम धाग्याचे होते. “मेरा रंग इस कपड़े पर नहीं चढ़ेगा,” इतकेच तो म्हणाला. त्यात कापडाची निंदा नव्हती आणि रंगाचीही नव्हती.

नंतर त्याने काम कसे चालते ते दाखविले. वितळलेल्या मेणाने कुंचल्याने नक्षी काढतात. जिथे मेण लागले तिथे रंग शिरत नाही. मग कापड थंड रंगात बुडवायचे; रंग ऊन असेल तर मेणच वितळेल. आधी फिका रंग, नंतर गडद. एकदा गडद रंग चढला की मागे फिरता येत नाही, म्हणून हा क्रम कधी उलटत नाहीत. शेवटी उकळत्या पाण्यात सगळे मेण काढून टाकतात आणि जे झाकले होते ते उघडे होते. सबंध वेळ मी पाहत होते. त्या कामाचा आणि आमच्या नाटकाचा काही संबंध असेल, हे तेव्हा मनातही आले नाही.

सुट्टी संपवून परत आले, तो ती मुलगी तालमीस आलीच नव्हती. चार दिवसांनी आली ती ओढणीने तोंड झाकून. तिचे गाल लालबुंद झाले होते, कपाळावर बारीक पुटकुळ्या उठल्या होत्या आणि हनुवटीजवळ पांढुरके डाग दिसत होते. सव्वा महिना ती रोज रात्री कसलेसे क्रीम लावीत होती. आरंभी रंग खरोखरच उजळला, म्हणून तिला उमेद आली. डबी संपली, क्रीम थांबले आणि चेहऱ्याची आग होऊ लागली. त्या डबीवर ना कोणा कारखान्याचे नाव होते, ना पत्ता, ना आत काय आहे याचा एक शब्द. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी डबी पाहून सांगितले की, यात बहुधा स्टिरॉइड असावे. चेहरा पूर्ववत व्हावयास काही महिने लागतील आणि तोवर चेहऱ्याला कोणतेही प्रसाधन लावावयाचे नाही.

“बाई, तुम्हीच म्हणाला होतात ना?” ती मला म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता, हेच मला अधिक लागले.

त्या दिवसापासून वर सांगितलेल्या दोन्ही पक्षांपैकी एकही मला पुरेसा वाटत नाही. ‘नटूच नका’ म्हणणाऱ्यांना मी विचारीन की, नटणे ही गोष्ट आपल्याकडे नवी का आहे? कालिदासाने ‘मेघदूता’त उज्जयिनीचे वर्णन केले आहे. तिथे स्त्रिया केसांना धूप देतात, त्याचा धूर गवाक्षांतून बाहेर पडतो, आणि त्यांच्या पायांच्या अळित्याच्या खुणा वाड्यांत उमटलेल्या असतात. इतके दूर तरी कशाला जावे? आपल्या आजीपणजीच्या घरी फणीकरंडा होताच. माझ्या आजीच्या फणीकरंड्यात मेणाची एक इवलीशी डबी असे. ती आधी कपाळावर मेणाचा बारीक ठिपका लावी, मग त्यावर कुंकू टेकवी आणि कडा बोटाने पुसून घेई. कारागीर रंग शिरू नये म्हणून मेण लावतो, तर आजी रंग टिकावा म्हणून लावीत असे. पण कुठे रंग हवा आणि कुठे नको, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते. ही नित्याची कला होती आणि आई लेकीला ती हाताला धरून शिकवीत असे. आज बाजारातील वस्तू शेकडो झाल्या. १९५२ साली टाटा ऑइल मिल्सने ‘लॅक्मे’ सुरू केले तेव्हापासून देशी बनावटीची प्रसाधनेही घरोघर पोहोचली. मात्र शिकविणारा हात नाहीसा झाला. आपण एक तर बंदी घालतो किंवा पैसे देऊन मोकळे होतो.

आणि ‘हौसेप्रमाणे वागू द्या’ म्हणणाऱ्यांना मी विचारीन की, ही हौस कोणाची? सावळ्या मुलीला गोरे दिसण्याची हौस आपोआप होत नाही. पाहुणे येतात आणि म्हणतात, “नाकीडोळी छान आहे, पण रंग जरा दबलेलाच.” जाहिरात म्हणते, आठ दिवसांत फरक पाहा. तालमीत बाई म्हणतात, जरा उजळ करावे लागेल. या सर्वांची मिळून ती हौस होते. ज्या महाराष्ट्राने सावळ्या विठ्ठलाला डोळे भरून पाहिले, कृष्ण आणि द्रौपदी यांच्या नावातच काळा रंग आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्या महाराष्ट्राला घरातील सावळी लेक तेवढी उणी वाटावी, याला काय म्हणावे? ‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम १९७५ साली आपल्या बाजारात आले आणि २०२० साली त्याच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द काढून टाकण्यात आला. शब्द गेला हे चांगलेच झाले. पण नाव बदलणे सोपे असते, घरातील बोलणे बदलणे अवघड.

म्हणून माझे मत असे की, चेहऱ्याची नित्याची निगा आणि साधे प्रसाधन या गोष्टी मुलींना रीतसर शिकवाव्यात. स्वयंपाक, शिवण किंवा अक्षर शिकवितो तशाच. आणि त्या शिकवणुकीचा क्रम भैरवगढच्या त्या कारागिराचा असावा: आधी कापड, मग रंग, मग हात.

आधी कापड, म्हणजे आपली त्वचा. सावळेपणा हा मळ नव्हे की जो धुऊन निघावा. त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. त्यांची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. त्या पेशी रंगद्रव्य किती आणि कोणत्या प्रकारचे बनवितात, यात काय तो फरक. हे रंगद्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांपासून आपले रक्षण करते. मग जी छत्री निसर्गाने दिली, ती फाडण्यासाठी पैसे का खर्च करावेत? त्वचा तेलकट आहे की कोरडी, तिला कशाची खाज सुटते, उन्हात ती लाल होते का, हे प्रत्येकीने आपल्यापुरते जाणून घ्यावे. सौम्य साबणाने धुतलेला स्वच्छ चेहरा आणि कडक उन्हात छत्री किंवा सनस्क्रीन, एवढ्यानेच बहुतेक शाळकरी मुलींचे काम भागते.

मग रंग, म्हणजे आपण विकत आणतो ती वस्तू. आपल्या देशात १९४० सालचा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे आणि त्याखाली २०२० साली सौंदर्यप्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम झाले. त्यांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कोणत्या मुदतीत वापरावे ती तारीख आणि घटकांची यादी असावी लागते. जिच्यावर हे नाही, ती डबी स्वस्त असो वा सुवासिक, दुकानातच ठेवून यावी. गोरे करण्याचे वचन देणाऱ्या निनावी क्रीममध्ये कधी कधी पारा सापडतो. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तो त्वचेवाटे शरीरात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. ‘मर्क्युरस क्लोराइड’ किंवा ‘कॅलोमेल’ ही त्याचीच नावे. स्टिरॉइडच्या मलमांची कथा तर तुम्ही वर वाचलीच. ती काही विकारांवरील उत्तम औषधे आहेत. मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून चेहऱ्याला लावीत राहिल्यास त्वचा पातळ होते, लाल पडते आणि मलम थांबविताच आगीचा डोंब उसळतो. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

परंपरेचे म्हणून सारेच निर्धोक, असेही समजू नये. अस्सल कुंकू हळदीवर चुन्यासारख्या क्षाराची क्रिया करून केलेले असते. शेंदूर मात्र शिशाचे संयुग आहे. तो देवाला शोभतो, आपल्या त्वचेला नाही. काही सुरम्यांतही शिसे असते. चिकटविण्याच्या टिकल्यांच्या डिंकातील एका रसायनामुळे काही जणींच्या कपाळावर टिकलीएवढा पांढरा डाग पडतो. खाज सुटताच ती टिकली सोडून द्यावी. अस्सल मेंदीचा रंग नारिंगी-तांबूस येतो. काळीभोर रंगणारी ‘काळी मेंदी’ बहुधा केसांच्या कलपातील रसायनाने काळी केलेली असते आणि तिने हातावर फोड उठू शकतात. लिंबाचा रस चोळून उन्हात जाणे हाही घरगुती उपाय नव्हे, घरगुती अपाय आहे.

शेवटी हात. नवी वस्तू प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस थोडी लावून दोन दिवस वाट पाहावी. कारागीरही चिंधीवर रंग पाहिल्यावाचून साडी बुडवीत नाही. पावडर किंवा फाउंडेशन निवडावयाचे ते हाताच्या पाठीवर लावून नव्हे, तर जबड्याच्या कडेला लावून, खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. जी छटा लावल्यावर दिसेनाशी होते, ती आपली. जी पांढरी रेघ होऊन दिसते, ती दुसऱ्या कोणाची तरी. फिक्यापासून गडदाकडे जावे. थोडे लावून आरशापासून दोन पावले मागे सरावे आणि मग आणखी हवे का ते ठरवावे. काजळ आणि लिपस्टिक जिवलग मैत्रिणीलाही देऊ नये. डोळे येण्याची साथ अशीच फिरते. आणि रात्री निजण्यापूर्वी सर्व काही धुऊन टाकावे. बाटिकाचे मेण काढल्यावाचून काम पुरे होत नाही, तसेच हे.

इतकी काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. उज्जयिनीच्याच महाकालाचे उदाहरण देते. तिथे देवाचा शृंगार रोज नव्या परीने होतो. दूध, दही, मध, भस्म हे सारे श्रद्धेने अर्पण केलेले. तरीही पूजाद्रव्ये आणि असंख्य हातांचा स्पर्श यांमुळे लिंगाची झीज होत असल्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि भाविकांनी लिंग चोळू नये, असा आदेश न्यायालयाने २०२० साली दिला. पाषाणालाही जर इतके जपावे लागते, तर चौदा वर्षांच्या मुलीच्या गालाला किती जपावे?

आता दोन शब्द इतरांसाठी. मुलांनो, हा लेख मुलींचा म्हणून पान उलटू नका. वर्गात रंगावरून ठेवलेले टोपणनाव हेही एक जहाल क्रीमच आहे. ते लावणारा विसरतो आणि ज्याला लागते त्याची आग होत राहते. पालकांना माझी एकच विनंती आहे. लेकीला पहिली लिपस्टिक नाकारू नका आणि नुसते पैसेही हाती देऊ नका. तिच्यासह दुकानात जा, वेष्टन वाचा, खिडकीपाशी बसून तिला छटा पाहू द्या. आणि ‘उजळ’ हा शब्द घरातून हद्दपार करा. ‘टवटवीत’ हा शब्द आपल्या भाषेत आहे. तो कोणत्याही वर्णाला शोभतो.

नाटकाचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. त्या मुलीने काम सोडण्याची तयारी दाखविली. मी सोडू दिले नाही. तिने वासवदत्ता केली ती चेहऱ्याला काहीही न लावता. हनुवटीचे डाग अजून पुरते गेले नव्हते आणि पुढच्या रांगांना ते दिसलेही असतील. ज्यांनी ते नाटक वाचले आहे, त्यांना त्याचा शेवट ठाऊक असेल. वासवदत्ता आपले नाव लपवून ‘आवंतिका’ म्हणून पद्मावतीकडे राहत असते. उज्जयिनीहून तिच्या आईवडिलांनी एक चित्र पाठविलेले असते. ते चित्र पाहताच पद्मावतीच्या ध्यानात येते की, हा चेहरा आपल्याच घरात आहे. चित्रातील आणि समोरचा चेहरा एक होता म्हणून ती ओळखली गेली. मुलखाला मुकलेली राणी त्या चेहऱ्यामुळे परत स्वतःच्या जागी आली.

तालमींत हा प्रवेश मी कितीतरी वेळा बसविला होता. त्या रात्री पडद्याआडून तो पाहताना मात्र मला माझे ते वाक्य आठवले. या मुलीला मी जर खरोखरच उजळ केले असते, तर तिच्या चित्राशी तिचा चेहरा कसा जुळला असता?

मुलींनो, अवश्य नटा. सणाला नटा, संमेलनाला नटा, नुसत्या मनाच्या आनंदासाठीही नटा. फक्त नटून आरशासमोर उभ्या राहिल्यावर एवढे पाहा की, समोर जी उभी आहे तिला तुम्ही ओळखता ना?